कमळांबरोबर टाकीत काय आलं

परवा फोनवर तू सांगत होतीस की तुझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत तू एक नवा दगड ठेवलास आणि त्या दगडाला चिकटून काहीतरी भलतंच आत आलं. काचेसारखं पारदर्शक, दिसायला फूल, पण शेजारच्या प्रवाळांना डंख मारणारं. एक खुडलं की तिथे चार उगवतात म्हणालीस. दगड आधी काही दिवस वेगळ्या बादलीत ठेवला असता तर हे झालं नसतं, असंही म्हणालीस. मी काही विचारायला गेले तर तू हसून म्हणालीस की आजी, ही दुनियाच वेगळी आहे, तुला नाही कळायचं. तुझा भाऊही मागून हसला.

फोनवर घाईने सांगण्यासारखं ते नव्हतं. आता दुपारची सगळी कामं आवरून सावकाश लिहिते. आपल्या घरात काचेची टाकी पहिल्यांदा आली ती तुझी नव्हे. त्या टाकीतही एकदा असंच नको ते शिरलं होतं. तुमच्या आत्याआजीचं पुढचं सगळं आयुष्य त्या उन्हाळ्यात त्याच्यावर अडून राहिलं होतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशीम जिल्हा तेव्हा व्हायचा होता, आम्ही अकोला जिल्ह्यात मोडायचो. मंगरूळपीरला आमचं तीन खोल्यांचं घर होतं. तुमचे आजोबा तिथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचे आणि मी मुलींना इंग्रजी. नागपूरला कॉलेजात शिकून आलेली सून म्हणून गल्लीतल्या बायका पहिली काही वर्षं माझ्याशी जरा जपूनच बोलत. घरात आणखी तिघं होती. माझे सासरे, म्हणजे तुमचे पणजोबा, ज्यांना मी मामाजी म्हणायची, सासूबाई, आणि माझी नणंद, तुमची आत्याआजी. तुम्ही तिला कायम पांढऱ्या केसांत आणि दोरीवाल्या चष्म्यात पाहिलंत. तेव्हा ती दोन वेण्या घालायची आणि नुकतीच मॅट्रिकच्या परीक्षेला बसली होती.

टाकी आजोबांनी शाळेसाठी करवून घेतली होती. बसस्टँडमागच्या वेल्डिंगवाल्याने लोखंडी अँगलची चौकट करून दिली, तिच्यात काचा बसवल्या आणि सांधे पुट्टीने भरले. पण शाळेतल्या विज्ञानाच्या वर्गाला दार नव्हतं आणि मधल्या सुट्टीत शेळ्या आत यायच्या. म्हणून टाकी आमच्या ओसरीवर आली. पहिले काही दिवस ती चारही कोपऱ्यांतून ठिबकत होती. सासूबाईंनी खाली परात लावली, आणि त्या परातीतलं पाणी तुळशीला घालायला शेजारीण घेऊन जायची.

मासे विकत आणलेले नव्हते. हिवताप खात्याची माणसं विहिरींमध्ये गप्पी मासे सोडायची, डासांच्या अळ्या खायला. आजोबांनी त्यातले थोडे बादलीतून घरी आणले. बोटाच्या पेराएवढे मासे. माद्या राखी, नर त्याहून लहान पण शेपटीवर रंगाचे शिंतोडे असलेले. त्यात एक नर असा होता की त्याच्या शेपटीवर नारिंगी पट्टा आणि वर एक काळा ठिपका होता. तो कधी घाईने पोहायचा नाही. टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत छाती काढून जायचा, बाकीच्यांनी वाट द्यायची. मामाजींनी त्याचं नाव ठेवलं पाटील.

मामाजी केनवडकडचे. तिथली शेती धाकट्या भावाकडे देऊन ते आमच्याकडे राहायला आले होते. तरुणपणी ते नदीवर गळ टाकून बसायचे आणि त्यांच्याइतके मासे पंचक्रोशीत कुणाला मिळत नसत, असं सासूबाई सांगायच्या. छप्पन साली ते नागपूरला गेले आणि दीक्षा घेऊन आले. आल्यावर त्यांनी गळ आणि दोरी कपाटावर टाकली नाही, कुणाला दिलीही नाही. जिथे बसून मासे धरायचे तिथेच जाऊन पाण्यात सोडून दिली. संध्याकाळच्या वंदनेत पाच शीलं आम्ही सगळेच म्हणायचो, पण मामाजी पहिलं शील म्हणून झालं की क्षणभर थांबायचे, मग दुसऱ्याकडे जायचे. जीव घेणार नाही, हे त्यांच्यासाठी म्हणण्यापुरतं नव्हतं. साखरेला मुंग्या लागल्या तर डबा उन्हात ठेवून त्या आपण होऊन जाईपर्यंत ते शेजारी बसून राहत, आणि तोवर घरात चहा बिनसाखरेचा.

इतक्या वर्षांनी मासे पुन्हा त्यांच्या डोळ्यांसमोर आले ते काचेआडून. सकाळी तोंड धुतलं की ते टाकीपुढे पाट टाकून बसायचे. गल्लीतून जाणारा एखादा विचारायचाच की मामाजी, आज कालवण कशाचं? त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, की तुमी खाता, आमी पाह्यतो. उन्हाळ्यात मी विहिरीवरून टाकीसाठी वेगळी कळशी आणायची तेव्हा पाण्यावरच्या बायका मला ऐकवायच्या, की माणसायले प्यायले पानी नाई अन् इंग्रजी बाईच्या मासोयायले न्हाणीघर पायजे. मी ऐकून घेई. टाकीतलं काढलेलं पाणी मी त्यांच्याच भाजीच्या वाफ्यात टाकते हे त्यांना ठाऊक होतं. पण बोलण्यातली मजा कोण सोडतं?

आता मुख्य गोष्ट. आत्याआजीला अकोल्याला सायन्स कॉलेजात जायचं होतं. निकालाची तिला चिंता नव्हती, वडिलांच्या होकाराची होती. मुलीने शिकू नये असं मामाजींचं मुळीच म्हणणं नव्हतं. उलट त्यांनीच तिला लहानपणी खांद्यावर बसवून शाळेत नेलं होतं. पण एका लग्नात नात्यातल्या कुणीतरी त्यांना सांगितलं की सायन्सला गेलं की जिवंत बेडूक मेणाच्या ताटलीत टाचण्यांनी ठोकतात आणि पोट फाडतात, मुलींनाही ते करावं लागतं. घरी आल्यावर त्यांनी तिला सरळ विचारलं की हे खरं का. तिने खोटं सांगितलं नाही. बेडकाला आधी गुंगी देतात एवढंच ती म्हणाली.

मामाजी म्हणाले, "पाहू."

आमच्या घरात "पाहू" म्हणजे नाही. त्यांनी नाही म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. "पाहू"शी भांडायचं कसं? आजोबांनी बहिणीची बाजू घेऊन पाहिली, मी घेऊन पाहिली. आर्ट्सला जा, वहिनीसारखं इंग्रजी घे, असा एक मार्ग मामाजींनी माझ्याकडे बोट दाखवून सुचवला. तिला तो नको होता. तिने टाकीचं सगळं काम आपल्याकडे घेतलं. खाणं घालणं, काच पुसणं, तळाची घाण रबरी नळीने ओढून काढणं. बापलेक रोज सकाळी त्या टाकीपुढे शेजारी शेजारी बसत, माशांबद्दल भरपूर बोलत आणि अकोल्याबद्दल एक अक्षर काढत नसत.

मे महिन्यात बुद्धपौर्णिमा आली. सासूबाई दर वर्षी त्या दिवशी विहारात कमळं वाहायच्या. गावाबाहेरच्या तलावात उन्हाळ्यात पाणी आटत आलं तरी मधल्या भागात कमळं असायची, आणि एक ओळखीचा गुराखी गुडघाभर गाळात उतरून ती त्यांना आणून द्यायचा, लांब देठांसकट, दोनचार पानांसकट. वाहिलेली फुलं दुसऱ्या दिवशी वाहत्या पाण्यात सोडायची असा त्यांचा नेम. ती कचऱ्यात टाकलेली त्यांना खपत नसत. पण त्या वर्षी नदीत धार राहिली नव्हती, नुसते दगड होते. विहिरीत फुलं टाकायची नाहीत, ते प्यायचं पाणी. मग त्यांनी विचार केला की घरात स्वच्छ पाणी दुसरं कुठे आहे? आम्ही दोघं पेपर तपासायला शाळेत गेलो होतो, मामाजी बाजारात. सासूबाईंनी ती कमळं, देठ आणि पानांसकट, हात जोडून टाकीत सोडली.

संध्याकाळी घरी येऊन पाहते तो टाकी इतकी सुंदर दिसत होती की मी दारातच थांबले. गुलाबी पाकळ्या पाण्यावर, खाली हिरवे देठ, आणि देठांमधून पाटील फेरी मारतोय. मामाजींनाही आवडली. आजोबांनी तेवढं एकदा म्हटलं की तलावातली वस्तू आधी वेगळ्या भांड्यात ठेवायला हवी होती. सासूबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी पुढचं वाक्य गिळलं.

काही दिवसांनी काचेवर पहिली गोगलगाय दिसली, मुगाच्या दाण्याएवढी. मग काचेवर पारदर्शक चिकाचे ठिपके दिसू लागले, ती तिची अंडी. आठवड्याभरात काचेवर सगळीकडे गोगलगायी फिरत होत्या आणि पानांना भोकं पडली होती. तू ते खुडलं की चार उगवतात म्हणालीस ना, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे त्याच आल्या. आजोबांनी लाल औषधाची पुडी काढली. हे औषध विहिरीत टाकायचे, पाणी जांभळं व्हायचं आणि किडे मरायचे. मासे बादलीत काढू, टाकी लाल औषधाने धुऊ, दोन तासांत सगळं साफ, असं ते म्हणाले. विज्ञानाच्या मास्तरांना साजेसाच उपाय होता.

सासूबाई चुलीपाशी होत्या. आतूनच म्हणाल्या, "कमळासंगं आलेले हायत ना ते? मंग वंदना होईस्तोवर बुद्धाच्या पायापाशी बसून आले. त्यायले मारता काय तुमी?"

आजोबांनी पुडी खाली ठेवली. मामाजी तर हे ऐकून इतके गंभीर झाले की त्यांनी लाल औषधाची पुडी स्वतःच उचलून ठेवली.

मग आत्याआजीने उपाय शोधला. काकडीची जाड चकती कापून खड्यासकट दोऱ्याला बांधायची आणि संध्याकाळी टाकीत तळाशी सोडायची. सकाळी दोरा अलगद ओढला की चकतीवर गोगलगायी गच्च बसलेल्या असत. त्या टमरेलात घ्यायच्या आणि तलावात नेऊन सोडायच्या. हे काम मामाजींनी आपल्याकडे घेतलं. आता पाहा, धोतर नेसलेला एक म्हातारा माणूस रोज उन्हं वर आल्यावर हातात टमरेल धरून तलावाच्या दिशेने भराभर चालला आहे. गल्लीला दुसरं काय वाटणार? तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी सासूबाईंना हळूच विचारलं की मामाजींचं पोट बिघडलं का, बेलाचा मुरंबा देऊ का. चहाच्या टपरीवरून एकाने हाक मारून त्यांना विचारलं की एवढ्या उशिरा काहून निघता, सकाळची गर्दी आवडत नाही वाटते. मामाजी थांबले, टमरेल त्याच्या नाकापुढे धरलं आणि आत पाहायला लावलं. त्या दिवसापासून टपरीवर त्यांना गोगलगायवाले मामाजी म्हणू लागले. ते त्यांना आवडलं असावं, कारण घरी येऊन त्यांनीच सांगितलं.

गोगलगायी कमी होत गेल्या. पण त्याच सुमाराला मासेही कमी होऊ लागले.

आधी पिल्लं दिसेनाशी झाली. गप्पी माशांना सारखी पिल्लं होतात, मोठे मासेही त्यांना खातात, म्हणून आम्ही मनावर घेतलं नाही. मग एक मादी गेली. मेलेली कुठे तरंगताना दिसली नाही, नुसती नाहीशी. मांजरावर संशय गेला आणि टाकीवर फळी ठेवली. तरी गळती थांबेना. आणि एके सकाळी मामाजी पाटावर बसले, बराच वेळ बसून राहिले आणि म्हणाले की पाटील दिसत नाही. आम्ही सगळ्यांनी टाकीभोवती उभं राहून शोधलं. पाटील नव्हता.

सासूबाई म्हणाल्या की गेली म्हणायची पाटीलकी. एरवी मामाजी हसले असते. त्या दिवशी ते न्याहारी न करता उठून गेले.

आत्याआजी मात्र टाकीपुढून हलली नाही. शाळांना सुट्टी होती, मीही तिच्याजवळ भाजी निवडत बसले होते. कमळाच्या पाकळ्या केव्हाच गळून गेल्या होत्या, पण देठ अजून तळाशी होते, कारण ते काढायची सासूबाईंना विचारण्याची हिंमत कुणी केली नव्हती. दुपार होत आली असेल. एक लहान मासा देठाजवळून गेला आणि देठाचाच एक तुकडा हलला. मला एवढंच दिसलं. तिला सगळं दिसलं. तिने माझं मनगट घट्ट धरलं.

देठाच्या रंगाचा, चिखल माखल्यासारखा, करंगळीएवढा लांब किडा. सहा पाय, मोठे डोळे. त्याच्या तोंडाखालून हातासारखं काहीतरी झटकन पुढे आलं होतं आणि त्या हातात मासा होता. इतके दिवस आम्ही त्याला देठाची गाठ समजत होतो.

मामाजींना हाक मारली. ते आले, त्यांनी वाकून पाहिलं. मासा अजून अर्धा बाहेर होता. मी त्या घरात तेव्हा काही वर्षं काढली होती, पण मामाजींचा तसा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. चुलीपाशी जाऊन ते चिमटा घेऊन आले. बाही वर सारून त्यांनी हात पाण्यात घातला आणि किड्याला देठासकट चिमट्यात धरून बाहेर काढलं. फरशीवर टाकलं. दाराशी काढलेली वहाण हातात घेतली.

"यानंच खाल्ला माह्या पाटील," ते म्हणाले.

आत्याआजी मध्ये आली नाही, ओरडली नाही. बसल्या जागेवरून तिने नुसतं विचारलं, "बाबा, याले मारनं चालते, अन् बेडूक नाई चालत?"

वहाण वरच राहिली. सासूबाई आतून दारात येऊन उभ्या राहिल्या. किडा फरशीवर पाय हलवत होता, पाण्याकडे जायची वाट शोधत होता, आणि पाणी कुठल्या बाजूला आहे हे त्याला कळत नव्हतं. मामाजींनी हळूच वहाण खाली ठेवली आणि तिच्यात पाय घातला, जणू तेवढ्यासाठीच ती उचलली होती. मग ते पाटावर बसले. त्यांचा हात कोपरापर्यंत ओला होता.

आत्याआजीने लोणच्याची रिकामी काचेची बरणी आणली, तिच्यात टाकीतलं पाणी भरलं आणि किड्याला त्यात सोडलं. तलावात नेऊन टाकू, असं आजोबा संध्याकाळी म्हणाले. पण मामाजींनी स्वतःच नको म्हटलं. काय आहे ते कळू दे आधी, असं त्यांचं म्हणणं पडलं. मी शाळेच्या कपाटातून एक इंग्रजी प्राणिशास्त्राचं पुस्तक आणलं. त्यातल्या चित्रांत तो सापडला. वाचून मी सगळ्यांना मराठीत सांगितलं की हे चतुराचं पिल्लू आहे. पाण्यावर उडतो, शेपटी टेकवतो, चार पंखांचा, तो चतुर. अंड्यातून निघाल्यावर तो असा पाण्यात राहतो, दिसेल ते खातो, आणि वेळ आली की काडीवरून वर चढून कात टाकतो. मामाजींनी पुस्तकातलं चित्र पाहिलं, बरणीत पाहिलं, आणि पुस्तक छापणाऱ्याची काहीतरी चूक झाली असावी असं मत दिलं.

आत्याआजीने बरणीत तुरीची काडी तिरकी उभी करून ठेवली. खायला म्हणून ती रांजणामागच्या डबक्यातले डासांचे वळवळे गाळून घालायची. हे पाहून मामाजी एकदा तिला म्हणाले, "हे जीव नाईत का वं?"

तिने बराच विचार केला आणि सांगितलं की आहेत, पण तो न खाता जगत नाही. मामाजी म्हणाले की मग विहिरीत मासे कशाला सोडतात, वळवळे खायलाच ना. मला त्या दिवसांतलं हे आठवतं. भांडण मिटलं नव्हतं, पण ते आता बरणीच्या दोन्ही बाजूंना बसून एकाच गोष्टीचा विचार करत होते.

मॅट्रिकचा निकाल लागला. आत्याआजी पहिल्या वर्गात पास झाली, पेढे वाटले. अकोल्याचे प्रवेश सुरू झाले. आजोबा वडिलांकडे पाहत, वडील बरणीकडे. मी मनात आर्ट्सची पुस्तकं काढून ठेवायला सुरुवात केली होती.

एका पहाटे सासूबाई अंगणात सडा घालायला उठल्या आणि त्यांनी सगळ्यांना हाक मारली. किडा काडीवर चढून पाण्याबाहेर आला होता. पाठीवर चीर पडली होती आणि त्या चिरेतून काहीतरी फिकट, ओलं, घडी घातलेलं बाहेर येत होतं. आम्ही पाचही जण बरणीभोवती उकिडवे बसलो. चहा कुणी केला नाही. ते बाहेर आलं आणि आपल्याच कातीला धरून लटकत राहिलं. पंख चुरगळलेल्या पातळ कागदासारखे होते. मग ते इतक्या सावकाश उलगडत गेले की हलताना दिसत नव्हते, पण जरा नजर वळवून पुन्हा पाहिलं की आधीपेक्षा लांब झालेले असत. उजाडलं तसा त्यांच्यावर रंग चढला, अंगावर पिवळे पट्टे उमटले. मामाजींचे ओठ हलत होते. काय म्हणत होते ते ऐकू आलं नाही.

सासूबाई म्हणाल्या की पाटीलच आला परत, पंख घेऊन. या वेळी मामाजी हसले.

ऊन ओसरीवर आलं तेव्हा चतुराने पंख थरथरवले, आणि तो उठला. ओसरीत एक वळण घेतलं, टाकीवरून गेला आणि दारातून बाहेर. काडीवर नुसती कात राहिली. डोळ्यांसकट, पायांच्या नखांसकट, जशीच्या तशी, फक्त पाठ उघडी. मामाजींनी ती काढून तळहातावर घेतली. तिला वजनच नव्हतं.

ती त्यांनी लेकीच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "जाजो अकोल्याले. पन बेडूक कापशीन तं पयले त्याले असंच पाहजो. सबन, सारं पाहजो. न पाह्यता कापू नको."

एवढंच. मग ते सासूबाईंना म्हणाले की चहा टाका.

पुढच्या वर्षीपासून पौर्णिमेची कमळं आमच्याकडे थेट टाकीत गेली नाहीत. आधी मोठ्या घमेल्यात मिठाचं पाणी करायचं, देठ त्यात बुडवून हलवायचे. चिकटलेले जीव पकड सोडतात. त्यांना लगेच साध्या पाण्यात घेतलं की सावरतात. मग कमळं आठवडाभर दुसऱ्या घमेल्यात वेगळी, आणि त्यातून जे काय निघेल ते टमरेलात भरून तलावाकडे. हे सगळं सासूबाई स्वतः करायच्या, आणि कुणी पाहायला आलं तर सांगायच्या की पाहुणे आधी बाहेरच्या खोलीत बसवावे, मग घरात घ्यावे. तुमची बादली म्हणजे तेच. फक्त तुमच्याकडे सगळंच पाणी खारं असल्यामुळे मिठाचा उपाय उलटा करावा लागेल. गोड्या पाण्यात बुडवून पाहा, पण प्रवाळांना ते चालेल का हे आधी नीट वाच, माझ्यावर विसंबू नकोस.

आत्याआजी जुलैत एस.टी.ने अकोल्याला गेली. ट्रंकेत कपड्यांच्या घडीत काड्यापेटी होती, तिच्यात कापसावर ती कात. टाकी मामाजींकडे राहिली. तिच्यात पुन्हा नारिंगी पट्ट्याचे नर झाले, पण पाटील हे नाव त्यांनी कुणाला दिलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली. सासूबाईंनी जेवण कसं मिळतं ते विचारलं, मी प्राध्यापकांबद्दल विचारलं, आजोबांनी प्रयोगशाळेबद्दल. मामाजींनी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं टाकीपुढे बसली. मी मागे चहा घेऊन उभी होते.

"पाह्यलं का?" त्यांनी विचारलं.

"पाह्यलं, बाबा," ती म्हणाली. "सबन पाह्यलं. पोट उघडल्यावरबी त्याचं काळीज चालूच होतं. मी ते थांबेपर्यंत बसून राह्यली. बाकीच्या पोरी जेवायले गेल्या."

मामाजी टाकीकडे पाहत राहिले. संध्याकाळच्या वंदनेत पहिल्या शीलानंतर ते जेवढं थांबायचे, साधारण तेवढाच वेळ. मग त्यांनी माशांच्या खाण्याची वाटी तिच्या हातात दिली.